न लागणाऱ्या चष्म्याची हकीकत

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा संयम, दोन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. तुझा चष्मा अजून दुरुस्तीहून आला नसेल, तेव्हा पत्र वहिनीच वाचून दाखवत असतील. इकडे सगळं मजेत. (नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि बायको लिहितेय. 'मजेत' लिहिताना ती हसली.)

कपाटं-पलंग जोडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे तू जाणतोसच. त्यापायी मालकांनी मला मुकादम केलं आणि माझं धाबं दणाणलं, कारण कोणाच्या घरी काय बसवायचं ती यादी रोज सकाळी मुकादमाने वाचून दाखवायची असते. एकोणीस वर्षं कागद पुढे आला की मी खिसे चाचपायचो आणि "अरेच्चा, चष्मा घरीच राहिला, वाचा बरं कोणीतरी" म्हणून सुटायचो. पण बढतीच्या आनंदात कामावरच्या मंडळींनी मला चष्माच भेट दिला! वर गळ्यात अडकवायला दोरी. (हरवायची सोयच ठेवली नाही लेकाच्यांनी.) चढवला. अक्षरं नेहमीसारखीच एकमेकांच्या अंगावर पडत होती, आता मोठी होऊन पडायला लागली. सगळे टाळ्या वाजवत उभे, माघार कशी घेणार? दिली यादी अंदाजाने ठोकून. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांकडे दुमजली पलंग उभा होता आणि जुळ्या मुलींच्या खोलीत पकडी-चिमट्यांचं कपाट. एक पेशंट म्हणे वरच्या मजल्यावर चढून आ वासून बसला होता.

मालकांनी मला तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. माझ्या आधीच्या आजोबांनी तक्ता मोठ्याने वाचला होता, तोच मी घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, "छान. पण तो तक्ता मी मघाशीच काढलाय." मग दार लावून घेतलं, नजर घारीसारखी आहे म्हणाले, आणि वाचनाची तपासणी करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाईंनी दोन तास माझ्याकडून काय काय वाचून घेतलं आणि सांगितलं, याला डिस्लेक्सिया म्हणतात. जन्मापासूनचा असतो. आळस नाही, बुद्धीही कमी नाही. दादा, सेहेचाळीस वर्षांचा घोडा मी, त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. शाळेत आपण मोठा ढ आणि धाकटा ढ. छड्याही वाटून खाल्ल्या. मला वाटायचं, चूक आपलीच.

आता मंडळींना सगळं सांगून टाकलंय. सकाळची यादी मोबाइल वाचतो. त्यातल्या बाईचा आवाज इतका करडा आहे की आमचे लोक माझ्यापेक्षा तिला जास्त घाबरतात. मुकादमी शाबूत आहे.

तुझा,
धाकटा ढ (निवृत्त)

ता. क. दातांचे डॉक्टर पलंग परत द्यायला तयार नाहीत. वर बसायला मिळतं म्हणून लहान पेशंट रडत नाहीत म्हणे.

ता. क. वहिनी, हे मोठ्याने वाचू नका. बावीस वर्षं कोणाचा चष्मा दुरुस्तीत असतो का? रविवारी दादाला इकडे आणा. गुडघा दाखवायचाय म्हणून सांगा. तपासणीच्या बाईंची वेळ घेऊन ठेवलीय.

ता. क. दादा, वहिनींनी ते मोठ्यानेच वाचलं असणार. तरी ये. मी बाहेर बाकावर बसून राहीन. येताना चष्मा विसरलास तरी चालेल.