मागच्या टोकाने आलेले पाहुणे

अम्मी, गेल्या रविवारी तुमच्या नातीला बघायला पाहुणे आले आणि गल्लीच्या नको त्या टोकाने आले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की कबरीशेजारी लावलेल्या रोपाचं चांगलं झाड झालंय. तसंही तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तरी लिहितेय. घरात आपली बोली वेगळी, पण कागदावर मला शाळेतली मराठीच सुचते, आणि तुम्हाला ती ऐकायला आवडायची. रोज दुपारी माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचात, त्यातही आधी निधनाच्या बातम्या. त्यात पेठेतलं कुणी नसलं की "आज कुछ खास नहीं" म्हणून पेपर बाजूला ठेवायला सांगायचात.

भवानी पेठ अजून तुम्ही सोडून गेलात तशीच आहे, फक्त उंच झालीय. रुंद व्हायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक घर वर वर गेलं, आणि वर गेलं की जरा पुढे झुकलं. आपल्या गॅलरीतून समोरच्या काकूंना मिठाचा डबा अजूनही हातोहात देता येतो. पावसात दोघं समोरासमोर आले तर एकाने छत्री वर धरायची आणि दुसऱ्याने खाली, हा नियम अजून पाळतात; कुणी वर धरायची यावरून भांडणंही होतात. पहाटे खडकवासल्याचं पाणी आलं की हंडे-बादल्यांच्या आवाजाने गल्ली उठते, आणि दुपारी घटकाभर ऊन खाली उतरतं तेव्हा सगळ्यांच्या उशा एकदम बाहेर येतात. पुढच्या टोकाला मोठा रस्ता, मेडिकल, मिठाईवाला आणि आपलं गाद्यांचं दुकान. तुमच्या मुलाने दुकानाला नवी पाटी लावलीय, रात्री तिच्यात दिवे लागतात. मागच्या टोकाला मात्र तेच सगळं: सार्वजनिक नळ, चिकनवाला, बांधलेल्या बकऱ्या आणि पेटीवाल्या चाचांची पत्र्यावरची ठोकाठोक. चाचा आता ऐंशीला टेकलेत, हात तेवढाच जोरात चालतो.

मी सासवडकडच्या घरातून इथं आले तेव्हा माझा जीव घुसमटला होता, हे तुम्हाला माहीतच होतं. आमच्याकडे दार उघडलं की अंगण, अंगणापुढे कुंपण, कुंपणापलीकडे वाटाण्याचं शेत. इथं दार उघडलं की समोर माणसाचं तोंड. येणारा-जाणारा तव्यावरची भाकरी कशी फुगलीय ते बघून पुढे जायचा, एकाने तर "आंच कम करो" असंही सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी दार लावून घेतलं आणि आडवी झाले. डोळा लागतोय तोवर तुम्ही दार धडाधडा वाजवताय. उघडलं, तर तुमच्या मागे चार बायका काळजीच्या चेहऱ्याने उभ्या. "दरवाजा कायको लगाई? घर में कोई मर गया क्या?" असं तुम्ही सगळ्यांच्या देखत विचारलंत. मला इतका राग आला की रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत नेलंत, प्रत्येक दारासमोर थांबवलंत. मला वाटलं, तुम्ही मला गल्ली दाखवताय. मी म्हटलं, एवढी घरं माझ्या लक्षात कशी राहणार? तुम्ही म्हणालात, तुझ्या लक्षात नाही राहिली तरी चालेल, मी तुला गल्लीला दाखवायला आणलंय. नंतर कळलं, ते खरंच होतं. पुढे मी आठ महिन्यांची पोटुशी असताना नळापाशी घसरले, तेव्हा मला घरी कुणी आणलं हे मला आठवतही नाही, आणि त्यांना मात्र माझं घर विचारावं लागलं नव्हतं.

आणि ती पेटी. दार लावायचं नाही म्हणून मी धुसफुसत होते ते तुम्ही मुकाट्याने बघत होतात, आणि ईदच्या आधी चाचांकडून माझ्यासाठी एक पेटी बनवून घेतलीत. हिरवी, वर गुलाब काढलेली, माझं नाव घातलेली. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालात, या घरात दार लागणार नाही, निदान पेटीला तुझं कुलूप असू दे. मी त्या पेटीत काय ठेवलं, सांगू? काही नाही. शाली, जुने दुपट्टे, पोरीची लहानपणची टोपरी. लपवण्यासारखं आयुष्यात काही घडलंच नाही. पण कुलूप मात्र न चुकता लावायची, आणि तुम्ही कधी त्यात काय आहे म्हणून विचारलं नाहीत. सगळ्या जगाच्या डब्यांची झाकणं उघडून बघणाऱ्या तुम्ही, ते एक झाकण सोडून दिलंत. तुमच्यावर माझं प्रेम बसलं ते तिथे.

आता रविवारचं. तुमची नात खराडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तिच्याच ऑफिसातला मुलगा, तिकडेच एका मोठ्या सोसायटीत बाराव्या मजल्यावर आईवडिलांबरोबर राहतो. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, आई शाळेत शिकवायच्या. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, पण मुलाच्या आईने मनापासून हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही असंही दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे सगळं त्या बाईंवर. मी म्हटलं, पहिली भेट एखाद्या चांगल्या हॉटेलात ठेवू. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी भडकली. "मम्मी, मी काय हॉटेलात वाढलेय का?" तोंडात जीभ तुमचीच आहे तिच्या. मग मी बेत आखला. तुमच्या मुलाने पुढच्या टोकाला उभं राहायचं, पाहुण्यांना दिव्यांच्या पाटीखालून आत आणायचं, मिठाईवाल्याच्या दारावरून सरळ आपल्या घरात. मधल्या स्कूटरी मी सकाळीच हलवायला लावल्या. मागचं टोक त्यांना दिसायचंच नाही.

येणार होते ते मुलाचे आईवडीलच, मुलगा नाही. त्यांनी मोबाइलमधल्या नकाशावर भरवसा ठेवला आणि त्या नकाशाने त्यांना थेट बकऱ्यांपाशी आणून सोडलं. तुमचा मुलगा पुढे इस्त्रीच्या कपड्यांत ताटकळतोय आणि मागे चाचांनी हातोडी खाली ठेवून विचारलंय, "कुणाकडे?" आपल्याकडे पत्ता कुणी सांगत नाही, सोबत येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आधी चौकशी पुरी झाली पाहिजे. चाचांनी मुलाच्या वडिलांना स्टुलावर बसवून घेतलं. बाई एकट्या पुढे निघाल्या, तर नळावरच्या बायकांनी त्यांना ताब्यात घेतलं. तिथून पुढे दारोदार त्या हातोहात येत होत्या, तुमच्या मिठाच्या डब्यासारख्या. एकीने पाणी दिलं, एकीने बशीत गरम भजी ठेवली. समोरच्या काकूंनी तर गॅलरीतूनच आवाज दिला, "मुलगी लाखात एक आहे हो! फक्त सकाळी उठवायला अख्खी आळी लागते, तेवढं बघा." मी आत चहाला आधण ठेवून उभी, आणि हे सगळं मला स्वच्छ ऐकू येतंय. गल्लीत काही ऐकू न येण्याची सोयच नाही.

त्या आत आल्या. चपला नळाच्या पाण्याने ओल्या, हातात अर्धी खाल्लेली भज्यांची बशी. गोऱ्या, किरकोळ, चष्मा लावलेल्या बाई. त्या बसल्या. मी चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि अगदी मास्तरणीच्या सुरात म्हणाल्या, "मुलीची चौकशी करायला आम्ही दोघातिघांना सांगणार होतो. आता राहू दे." माझा चेहरा पडला असणार. त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत खाली वॉचमन फक्त नाव लिहून घेतो. इथं नाव सोडून बाकी सगळं विचारलं. माझी शुगर किती, तेही." मग तुमच्या नातीकडे वळून, "तू लहानपणी रुसून त्या चाचांच्या पेटीत जाऊन बसली होतीस म्हणे, आणि सगळे शोधत होते?"

"हो."

"मग सापडलीस कशी?"

"सापडले नाही. भूक लागली म्हणून मीच बाहेर आले."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात तुमचा मुलगा, कुठून कुठून हिंडून, मुलाच्या वडिलांना घेऊन आला. त्यांच्या पँटीला हिरवा रंग लागला होता आणि ते एका पेटीची ऑर्डर देऊन आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, आपण बाराव्या मजल्यावर पेटी कुठे ठेवणार?" ते म्हणाले, "सुनेला विचारू." असा आपला होकार आला, अम्मी. ना धड विचारलं, ना धड सांगितलं. मी मिठाईचा डबा उघडेपर्यंत काकूंनी समोरून "अभिनंदन!" म्हणून टाकलं होतं.

ते परत गेले तेही मागच्या टोकाने, त्यांच्या हट्टाने, प्रत्येक दारापाशी थांबत. आठवडाभर गल्ली खुशीत आहे. जो तो मला सांगतो, "लग्न माझ्यामुळे जमलं", आणि मी प्रत्येकाला हो म्हणते, कारण ते खरंही आहे. पोरगी आत्ता समोर बसून खुर्चीवर पाय घेऊन फोनवर बोलतेय, हसतेय. पुढच्या वर्षी या वेळी ती खराडीला असेल. लांब नाही म्हणतात. रविवारी येईन म्हणते. येईलही. मी समाधानी आहे, तुमची शपथ. असं माणूस, असं घर मागूनही मिळालं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या बाई मागच्या टोकाने आल्या हे मला कळलं, आणि मी गॅसपाशी उभी होते, तेव्हा बेत फसल्याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते "बरं झालं". वाटलं, आता या नाक मुरडणार, नाही म्हणणार, आणि पोरगी माझ्यापाशी राहणार. चहाला उकळी येईपर्यंत मी तेच मागत होते, आणि मागताना मला बरं वाटत होतं. मग त्या हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. हे मी तुमच्या मुलालाही सांगितलेलं नाही, पोरीला तर कधीच कळू देणार नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही नाही आहात. असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. संध्याकाळच्या आत नळापर्यंत गेलं असतं.