थोड्या दिवसांची मावशी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाविषयी त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा मला अजून आशा होती.

१. छत्तीस वर्षं मी बालकल्याण कार्यालयाने पाठवलेली मुलं सांभाळली. एकूण एकेचाळीस. कोणाची आई इस्पितळात, कोणाचा बाप तुरुंगात. घरचं सुरळीत होईपर्यंत ती माझ्याकडे राहायची. घरात नियम एकच होता: मला मावशी म्हणायचं, कारण आई ज्याची त्याला होती.

२. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावं. दिरांनी या घराला जन्मभर धर्मशाळा म्हणून हिणवलं. त्यांना यातली वीटसुद्धा मिळू नये. बाहेरच्या दाराची कडी तेवढी काढून द्यावी. दुपारी मुलं झोपली की ती वाजवायची त्यांना भारी हौस होती.

३. शिलाई मशीन ढब्बूला. तो सहाव्या वर्षी माझ्याकडे आला, अकराव्या वर्षी गेला, आता शिंपी आहे. मशीनचा पट्टा बदलावा लागेल. एकेचाळीसांतला तो एकटाच अजून येतो, तोही उभ्या उभ्या. बाकीच्यांवर माझा राग नाही. खोटं कशाला लिहू, आहे. गोवर, कांजिण्या, परीक्षा, सगळ्यांचं सगळं निस्तरलं आणि कोणाला दोन ओळी खरडायला जमलं नाही.

४. आता लेकीविषयी. ती पाच वर्षांची असताना पहिले दोघे भाऊ आले. ती मला आई म्हणून हाक मारायची आणि ते दोघे पांघरुणात तोंड खुपसून रडायचे. मी तिला म्हटलं, "थोडे दिवस तूही मावशीच म्हण. त्यांना वाईट वाटतं ना."

"किती दिवस?"

"थोडेच गं."

ते भाऊ गेले, दुसरी आली. मग तिसरी. दहाव्या वर्षी तापात ती एकदाच "आई" म्हणाली. मी आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून, आणि तिला म्हटलं, "हळू." त्यानंतर तिने तो शब्द काढला नाही. आज ती त्रेपन्न वर्षांची आहे. एकेचाळीस परक्या मुलांचं मन राखताना मी पोटच्या पोरीला परकं केलं. हा माझा गुन्हा मी कबूल करते.

गेल्या महिन्यात इस्पितळात तिने अर्जावर नात्याच्या रकान्यात "मुलगी" लिहिलं आणि नर्सबाईंना म्हणाली, "मावशीला जरा बसवता का?"

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, मग इथं मुलगी कसं लिहिलंत?"

लेक माझी उशी सारखी करू लागली. मी डोळे मिटून पडून राहिले.

हे तिला मी तोंडाने का सांगत नाही, असं वकिलांनी विचारलं. दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा तिने विचारलं, "मावशी, पाणी देऊ?" आणि मी पाणी प्यायले. आता या वयात तिच्याकडे काही मागायला मला तोंड नाही. म्हणून हे कलम मी मेल्यावरच तिला वाचून दाखवावं.

५. शेवटची इच्छा. सामान हलवून घर रिकामं झालं की लेकीने एकटीने आत यावं, दार लावून घ्यावं आणि मला आई म्हणून हाक मारावी. तिचं मन नसेल तर राहू द्यावं, घर तरीही तिचंच. पण मारलीच, तर मोठ्याने मारावी. ऐकून रडणारं कोणी घरात नसेल. ओ द्यायला मीही नसेन.

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. वर उल्लेख केलेल्या नर्सबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १९ फेब्रुवारी, बुधवार

लिहून देणार: (सही)
लेकीशी नातं: आई