अकरानंतरची घरघर

३ एप्रिल २००६
फ्रीज दुपारी परत घुरघुरला. आधी घूंऽऽ, मग टक्, मग गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पिंकीच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या त्यातच. हात लावून पाहिला, गार आहेत. नऊ वर्षांच्या पोरीचा जीव या कपाटाच्या भरवशावर.
हे म्हणतात, "जुना झालाय, कुरकुरणारच." जसं काही सासऱ्यांबद्दलच बोलतायत.

५ एप्रिल
भिंतीपासून हातभर ओढला. खाली ठोकळे दिले. मागची जाळी झाडली, एवढी धूळ की लाज वाटली. सकाळभर शांत. अकराला परत घूंऽऽ टक्.
डॉक्टर म्हणाले होते, इन्सुलिन तापून बिघडलं तरी दिसायला तसंच राहतं. मग रोज टोचते ते औषध की नुसतं पाणी? संध्याकाळी पट्टीवर साखर जास्त.

८ एप्रिल
मंचरहून मिस्त्री आला. तोवर फ्रीज अगदी शहाण्यासारखा. "ताई, मशीन झकास हाय." म्हटलं, जेवूनच जा. अकरा वाजले आणि घूंऽऽ. त्याने मीटर लावला. "एकशे चाळीसच व्होल्ट, दोनशे तीस पायजेत! उठायला ताकदच मिळत न्हाई त्याला. असाच हिसके खात राहिला तर जळंल." मग मळ्याकडे बघत, "सिंगल फेजवर मोटरी चालवतात का हितं?"
विहिरीवर आमचीच चालू होती.
अकराला मोटरींची थ्री फेज वीज जाते, घरांपुरती सिंगल उरते. तिच्यावर कंडेन्सर लावून मोटर ओढायची, मग घरात दाब पडतो, तरी सगळेच करतात. ह्यांनी तर चौघांना जोडून दिलाय. मीच कौतुक सांगत फिरायचे.

९ एप्रिल
ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला. "टोमॅटो आत्ता लावलाय, पाणी तोडलं तर..."
"टोमॅटो परत लावता येतो!" केवढ्यांदा ओरडले मी.
हे उठून गेले. कंडेन्सर काढून आणला, ओट्यावर ठेवला. ताट तसंच.

११ एप्रिल
आमची मोटर बंद, तरी घूंऽऽ. त्याच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर, बाकी चौघांच्या आहेतच. हे शेजारी दत्तूभाऊजींकडे गेले. ते म्हणाले, "तूच शिकवलं राव, आन् आता तूच बंद कर म्हंतो?" मग हळूच, "पोरीसाठी बघतो दोन दिस."
दोन दिवसांनी काय? बाकी तिघांचं काय? पिकं त्यांचीही उभीच.

१२ एप्रिल
दत्तूभाऊजींची काल दुपारपासून बंद. तिघांकडे आज मी स्वतः जाणार. कुठल्या तोंडाने, माहीत नाही. लई भीती वाटते.
सकाळी वेणी घालताना पिंकी म्हणाली, "आई, मामाकडं मंचरला लाईट चांगली असती. मी तिकडंच राहू का? मंग पप्पांना मोटर लावता येईल."
कधी ऐकलं हिने सगळं?
मी नको म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. तेवढा वेळ ती आरशातून माझ्याकडे बघत होती.
अकराला दहा कमी. निघते.