हात वर केला की भेट झाली

बाबा, गेल्या महिन्यात लेकीनं मला एक शब्द ऐकवला आणि आधी तुम्ही आठवलात. ती म्हणाली, "आई, तू इमोशनली अनअव्हेलेबल आहेस." मला क्षणभर वाटलं, माझा फोन लागत नाही असं काहीतरी ती सांगते आहे. मग अर्थ लक्षात आला. आपल्या खापा गावात अशा बाईला घुमी म्हणतात.

तुम्हाला तर सगळे घुम्याच म्हणायचे. तुम्ही हातमागावर बसलेले असताना आत्या दारात उभी राहून ऐकवायची, "बापलेक दोघंही घुमे. एका खोलीत कोंडलं तं भिंतीच बोलतीन." तुमचा हात थांबायचा नाही. पुढे सासरी मी शिष्ट झाले, नोकरीच्या ठिकाणी कोरडी. गप्प पुरुषाला लोक निदान गंभीर तरी म्हणतात, बाईच्या वाट्याला तेवढंही येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा कन्हान नदीच्या घाटावर, चिता पेटल्यावर, नेहमीप्रमाणे शोकसभा झाली. कोणीतरी उठून म्हणालं की आपले स्नेही अत्यंत मनमिळाऊ होते. दादानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्या रडता रडता हसली. म्हणाली, "कोन्या दुसऱ्याच्या मयतीत गेला होता काय तो?" मला हसू आलं नाही. तुमच्यासाठी नेमका शब्द माझ्याजवळही नव्हता.

मी रामदासपेठेतल्या लॅबमध्ये लागले ते दिवस आठवतात. तुम्ही विणकर सोसायटीचं सूत न्यायला नागपूरला यायचात आणि परतीच्या बसआधी आमच्या इमारतीसमोरच्या चहाच्या ठेल्यावर थांबायचात. मी दुसऱ्या मजल्यावर. स्लाइडवरून नजर काढून खिडकीबाहेर पाहते, तर तुम्ही टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसलेले. तुम्ही वर पाहता. हात वर करता. मीही करते. चहा संपतो, तुम्ही पिशवी उचलता आणि निघून जाता. पोरीच्या कामात व्यत्यय नको, असं तुमचं. बाबांना लोकांसमोर अवघडायला होईल, असं माझं. घरी जाऊन तुम्ही आईला सांगायचात, भेट झाली, बरी आहे. मग आईचा फोन यायचा, "भेटले म्हणते तुह्ये बाबा. काय बोलले वं?" मी म्हणायची, काही नाही, बरे आहेत. आई कपाळावर हात मारत असणार. पण आपल्या दोघांच्या हिशेबी ती भेटच होती.

माझी ठरलेली सोयरीक मोडली तेव्हाचंही आठवतं. घरात जो येई तो विचारी, काय झालं, काहून झालं. तुम्ही काहीच विचारलं नाही. मला मागाजवळ बसवलंत आणि म्हणालात, "कांड्या भर." मी दुपारभर चरख्यावर कांड्यांवर सूत गुंडाळत राहिले. मागाच्या खडखडाटात कोणाला काही विचारता येईना. इतकं सुरक्षित मला पुन्हा कधी वाटलं नाही.

म्हणून लेक नवऱ्याचं घर सोडून पुण्याहून आली, तेव्हा मीही तेच केलं. हे गेल्यापासून प्रताप नगरच्या घरात मी एकटीच असते. तिची खोली झाडली, तिच्या आवडीचं भरीत केलं, शेजारणी डोकावल्या तर दारातूनच परत पाठवल्या. आणि काही विचारलं नाही. एका दुपारी तुरीच्या शेंगा समोर ठेवून म्हटलं, सोल. तिनं चार-दोन सोलल्या, माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. मला वाटलं, तिला बरं वाटतंय. आठवड्यानं ती परत पुण्याला निघाली. स्टेशनवर, गाडी लागलेली असताना, तिनं तो शब्द उच्चारला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी रोज वाट पाहत होते, आई. एकदा तरी विचारायचं होतं, काय झालं म्हणून." मी म्हटलं, पाण्याची बाटली घेतलीस ना.

तेव्हापासून तिचा फोन येत नाही. मी मेसेज केला तर उत्तर येतं, ठीक आहे. तेवढंच. मला जी सावली वाटली होती ती तिला ओसाडी वाटली, आणि मी आठवडाभर तिला तिथेच बसवून ठेवलं. आता फोन समोर ठेवून बसते. विचारायचे शब्द दोनच आहेत, तेही तोंडात येऊन थांबतात. तुम्हाला मात्र एवढं लिहून झालं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही याची मला सवय आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. घडी घालून ठेवीन आणि तिला फोन लावीन. पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे. खिडकीतून हात हलवला की भेट झाली, मला तेवढं पुरत होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, लेकीलाही. ते खरं नाही, बाबा. तुम्ही ठेल्यावर दिसलात की मी दर वेळी शेजारच्या स्टुलावरचे रिपोर्ट उचलून ते रिकामं करून ठेवायची.