ओवलेल्या दहा सुया

संघपालचे बाबा,

मी अकोल्याले पोरीकडे चालली, रविवारी येतो. वरण गंजात आहे, गरम करून घ्या.

चिंध्यांच्या गोधडीले तुमी घातलेले वाकडे टाके उसवून मी सरळ घातले, ते चुकलंच माह्यं. डॉक्टरनं मन रमवाले शिवा म्हटलं होतं, बाजारात विकाले नाही. तवापासून तुमी सुईले हात नाही लावला. काल मी माहे सारे टाके काढून टाकले. भोकं दिसतीन, त्याले इलाज नाही.

हात थरथरते, सुई ओवता येत नाही, हेही तुमी तोंडानं सांगत नाही. दहा सुया ओवून पानाच्या डब्यात ठेवल्या. रविवारच्या आधी सरल्या त फोन करा, मी पुढच्याच गाडीनं येतो.

ललिता