प्रश्न उद्भवत नाही

बाबा, मागच्या अधिवेशनात मी सभागृहात तुमचं एक वाक्य बोलले, आणि ते तुमचं आहे हे सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा मी आमदार आहे हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. भाषणांत मी सांगते की वडिलांनी जे सोसलं ते पाहून मी या कामात आले. खरं म्हणजे आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाला एक शिकलेली बाई हवी होती. आधी नगरसेविका झाले, मग पक्षाने वरच्या सभागृहात पाठवलं. तुम्हाला त्या गोष्टीत मी नंतर आणलं.

दिवाळीनंतर माझ्या मीरा रोडच्या ऑफिसात एक बाई आली. तिथल्याच पूनम सागर वसाहतीत भाड्याने राहायची, घरीच ड्रेस शिवायची. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर त्याच इमारतीतल्या एका माणसाने चाकूने वार केले होते. मुलगी वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. माणूस तुरुंगात होता तोवर मायलेकी कशाबशा राहत होत्या. त्याला जामीन झाला, आणि ते त्यांना कोणीच कळवलं नाही. "मॅडम, लिफ्ट का दरवाजा खुला और वो सामने खडा था," ती म्हणाली. "हाथ में दूध की थैली. बेटी मेरे साथ थी." ती रडली नाही, आरडाओरडाही केला नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, "हमको बताना किसका काम था?" मी चहा मागवला, वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. आणि तुम्ही आठवलात.

दादाला वरसाव्याच्या स्टॉपवर डंपरने चिरडलं तेव्हा मी बारावीला होते. केस चार वर्षं चालली आणि तुम्ही प्रत्येक तारखेला गेलात. कोर्टाची बस वरसाव्यावरूनच जायची. भाईंदरच्या कारखान्यात तुम्ही स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचात. ते काळं नखांतून निघत नसे. तारखेच्या सकाळी मोरीत बसून तुम्ही लिंबाच्या सालीने एकेक नख घासताय, आई बाहेरून म्हणतेय, "अहो, बस जाईल," आणि तुम्ही म्हणताय, "साहेबासमोर हात स्वच्छ हवेत." त्या साहेबाने तुम्हाला कधी समोर बोलावलंच नाही. अपघाताच्या वेळी तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून तुम्ही साक्षीदारही नव्हतात. मागच्या बाकावर बसायचं, पुढची तारीख ऐकायची, परत यायचं.

मग तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके चिघळले आणि तुमचे सहा महिने अंथरुणात गेले. बरं वाटल्यावर पुन्हा निघालात. चालवत नव्हतं म्हणून मी बरोबर आले. बोर्डावर आपला नंबर नव्हता. आतल्या कारकुनाने रजिस्टर उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ही तर निकाली निघाली. पाच महिने झाले. ड्रायव्हर सुटला." तुम्ही विचारलंत, "आम्हाला कसं नाही कळवलं?" तो माणूस वाईट नव्हता. त्याने तुम्हाला स्टूल दिलं. म्हणाला, "काका, केस सरकार विरुद्ध आरोपी असते. सरकारला कळलं, आरोपीला कळलं. तुम्ही यात कोणी नाही." तुम्ही स्टुलावर बसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "मी कोणी नाही, तर मग मेला तो कोणाचा?" आवाज चढवला नव्हतात, खरोखर विचारत होतात.

तर बाबा, मी प्रश्न टाकला. जामीन, पुढची तारीख, निकाल हे पीडितांना आणि त्यांच्या कुटुंबाला कळवलं जात नाही, हे खरे आहे काय. असल्यास, कळवण्याची जबाबदारी कोणाची. नसल्यास, विलंबाची कारणे काय. आपलंच सरकार होतं. पक्षातल्या एका ज्येष्ठांनी लॉबीत गाठून सांगितलं, "ताई, विषय चांगलाय, पण जरा सांभाळून. मंत्री आपलेच आहेत." छापील उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही. इतकी वर्षं असली उत्तरं मी वाचलीत, तशीच लिहिली जातात ती. पण त्या दिवशी ते वाचताना मला त्या बाईच्या मुलीची बोटं दिसत राहिली.

मी उपप्रश्नासाठी उभी राहिले. तपासाची माहिती द्यावी असं आता कायद्यात आहे हे सांगितलं, ती प्रत्यक्षात कोण देतं ते विचारलं. मंत्री शांतपणे म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी एखादं नेमकं प्रकरण दिलं तर तपासून घेऊ." त्या बाईने मला हात जोडून सांगितलं होतं, हमारा नाम मत लेना. मग मी म्हणाले, "सभापती महोदय, एका बापाला मुलाच्या केसचा निकाल पाच महिन्यांनी कळला. तुम्ही यात कोणी नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मी कोणी नाही, तर मग मेला तो कोणाचा?" मंत्र्यांनी विचारलं, "हे प्रकरण कुठलं? त्या गृहस्थांचं नाव?" माझ्या तोंडाशी आलं होतं. "जुनं आहे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मंत्री म्हणाले, भावना समजू शकतो, सूचना देण्यात येतील. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला.

सूचना खरंच निघाल्या. एका पानाचं परिपत्रक. ते घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने दोनदा वाचलं, म्हणाला, "बरोबरच आहे मॅडम. पण बंदोबस्त मी करतोय, तपास मी करतोय, समन्स माझीच माणसं वाटतायत. फोन कोणी करायचा?" तरी एका हवालदाराला त्याने ते काम लावून दिलं. पहिल्या आठवड्यात तीन घरी फोन गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला फोन आला म्हणजे काही वाईटच असणार असं वाटून तिने तो शेजारणीकडे दिला, असं हवालदाराने मला हसत सांगितलं. मीही हसले.

तिथून मी पूनम सागरला गेले. दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो पिछले महीने खाली करके गये." फोन लावला. बाई आपल्या गावी, दूर उत्तरेकडे परत गेली होती. मी परिपत्रकाचं सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा किया मॅडम. और किसी को काम आयेगा." मुलीचं विचारलं. कॉलेज सुटलं, म्हणाली, पण आता झोप लागते. मग म्हणाली, "यहां लिफ्ट नहीं है." तिनेच "रखती हूं" म्हणून फोन ठेवला.

तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. भाषण तिने मोबाइलवर पाहिलं. ते वाक्य आलं तेव्हा तिने मला ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग स्वयंपाकघरात गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता. नाव का नाही घेतलंस, असं तिने विचारलं असतं तर मी तिला सांगितलं असतं, सभागृहात घरचं काढू नये. ते खरं नाही, खरं कारण निकाल कळला त्या दिवसाचं आहे. म्हणून हे लिहितेय, आणि म्हणूनच हे तिला दाखवणार नाही.

त्या दिवशी कोर्टातून परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "रडू नको बाय. आपण केलं ते केलं." मी रडत नव्हते, बाबा. चार वर्षं आपल्या घरात तारखेशिवाय दुसरं काही नव्हतं. निकाल काय लागला ते मला त्या क्षणी महत्त्वाचंच वाटलं नाही. संपलं एकदाचं, असं वाटून मला बरं वाटत होतं. आणि तुम्ही माझी समजूत काढत होतात.