तीनाचं की सहाचं

३ फेब्रुवारी, सोमवार
आज परत नाकातून रक्त. दोन थेंब थेट धुतलेल्या कपड्यांवर! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या टाकीत क्रोमियम कुठलं — तीनाचं की सहाचं? मी छाती ठोकून सांगितलं, तीनाचं. नळांना मुलामा चढवायच्या टाकीवर दादानं मला घेतलं तेव्हाच म्हणाला होता, "सहाचं विषारी असतं, ते बंद केलंय. तू बिनघोर ये." सख्खा भाऊ, त्याचाच कारखाना. आणखी काय विचारायचं?

४ फेब्रुवारी, मंगळवार
पण तीन काय नि सहा काय? लेकीला विचारलं. पुस्तक घेऊन बसली माझी मास्तरीण! अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले ते संयुजा इलेक्ट्रॉन. धातू ते देऊन टाकतात — सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, ॲल्युमिनियम तीन. जितके दिले तितकी संयुजा. म्हटलं, "नुसते देतातच? माझ्याच वळणावर गेलेत की!" खूप हसली. क्रोमियमचं पुस्तकात नाही. शाळेत बाईंना विचारते म्हणाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
क्रोमियम लहरी! द्यायला सहा असतात. कधी तीनच देतं, कधी सहाच्या सहा. तीनाचं पाणी हिरवं, सहाचं नारिंगी — लेक सहज बोलून गेली.
माझा भांडी घासता घासता हात थांबला. आमची टाकी नारिंगी आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पांढरी चिंधी चिमट्यात धरून टाकीत बुडवली. नारिंगी. दुसरी बुडवली, उगाचच. तीही.

१० फेब्रुवारी, सोमवार
दादाला गाठलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाला. कळतं तेवढं सांगितलं. मग म्हणे, "तीनाचं करून बघितलं गं. चकाकी काळपट येते, गिऱ्हाईक नाक मुरडतं."
"गिऱ्हाइकाला मुरडायला नाक तरी आहे!" — तोंडावर बोलले. वर म्हणतो, "खरं सांगितलं असतं तर घाबरली असतीस." माझ्या काळजीपोटी म्हणे! दोन वर्षं त्या वाफेत वाकून उभी राहिले. उकडतं म्हणून तोंडाला मास्कसुद्धा लावला नाही — तीनाचंच तर आहे! परका असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला. घरी येऊन हमसून हमसून रडले.

१२ फेब्रुवारी, बुधवार
वहिनी आली होती, समजूत घालायला. म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता, वन्सं? यांच्या तर नाकाच्या पडद्याला भोक पडलंय. म्हणून तर यांनी टाकी सोडली आणि तुम्हाला बोलावून घेतलं."